कंबाईन हार्वेस्टर (लातूर व नांदेड) : सुटे भाग आणि देखभाल

कंबाईन हार्वेस्टर अथवा संयुक्त कापणी-मळणी यंत्र हे उभ्या पिकाची कापणी, मळणी आणि उफणणी या तिन्ही क्रिया शेतात चालता चालता एकाच फेरीत उरकणारे स्वयंचलित यंत्र होय. बोलीभाषेत त्यास नुसते ‘हार्वेस्टर’ म्हणतात. लातूर आणि नांदेड जिल्ह्यांत ते खरिपात सोयाबीनसाठी आणि रब्बीत हरभरा, गहू व करडई यांसाठी वापरले जाते. येथे सर्रास आढळणारे यंत्र मध्यम आकाराचे असते. त्याची कापणीची रुंदी १४ फूट, म्हणजे सुमारे ४.२ मीटर, आणि इंजिनाची शक्ती साधारण १०० अश्वशक्ती असते. या यंत्राची मूळ घडण गहू व भात यांसाठी झालेली आहे. जमिनीलगत शेंगा धरणाऱ्या आणि नाजूक सालीच्या सोयाबीनमध्ये ते चालवायचे, तर त्याच्या भागांची जुळणी आणि निगा यांवर पदरात पडणारे धान्य व पुढील वर्षाचे घरचे बियाणे ही दोन्ही अवलंबून राहतात.

पार्श्वभूमी

खळ्याच्या मधोमध तिवडा रोवून त्याभोवती बैलांची पात फिरविणे आणि मळलेले धान्य वाऱ्यावर उफणणे ही मराठवाड्यातील मळणीची जुनी रीत. पुढे ट्रॅक्टरवर चालणारी मळणीयंत्रे आली. त्यांतील मोठ्या यंत्रास काही भागांत हडंबा म्हणतात. १९९० नंतरच्या काळात ज्वारी, मूग, उडीद यांच्या क्षेत्रावर सोयाबीनचे पीक झपाट्याने पसरले आणि काढणीचे गणित बदलले. सोयाबीन सर्वत्र जवळजवळ एकाच वेळी, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये पिकते. मजुरांच्या टोळ्या एकरी गुत्ते घेऊन विळ्याने कापणी करतात, कापलेल्या पिकाची सुडी रचली जाते आणि मळणीयंत्राची पाळी येईपर्यंत ती शेतातच ताडपत्रीखाली थांबते. परतीचा पाऊस नेमका याच दिवसांत येतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये आणि पुन्हा सप्टेंबर २०२१ मध्ये मराठवाड्यात झालेल्या पावसाने काढणीस आलेल्या सोयाबीनचे मोठे नुकसान केले. उघडीप मिळालेल्या दोन-चार दिवसांत पीक घरात आणण्याची निकड हेच येथे हार्वेस्टर रुजण्याचे मुख्य कारण होय. मजुरांची टंचाई हे दुसरे.

यंत्राचा मूळ इतिहास अमेरिकेतला आहे. मिशिगन प्रांतातील हायरम मूर व जॉन हॅस्कल यांना १८३६ मध्ये घोड्यांनी ओढावयाच्या संयुक्त यंत्राचे एकस्व मिळाले. स्वतःच्या इंजिनावर चालणारे यंत्र १९३८ च्या सुमारास कॅनडातील मॅसी-हॅरिस कंपनीने बाजारात आणले. भारतात पंजाब ट्रॅक्टर्स लिमिटेडने १९८० मध्ये ‘स्वराज ८१००’ हे देशी बनावटीचे स्वयंचलित हार्वेस्टर तयार केले. त्यानंतर पंजाबात नाभा, भादसों, बर्नाला या गावांच्या परिसरात हार्वेस्टर बनविणाऱ्या कारखान्यांची दाटी झाली. आजही मराठवाड्यात फिरणारी पुष्कळ यंत्रे तिकडच्या बनावटीची असतात आणि हंगामात यंत्रांबरोबर पंजाबी चालकांचे जथेही येतात. हुजूर साहिबमुळे नांदेड त्यांना परके नाही. सुट्या भागांची बरीचशी नावे येथे पंजाबी उच्चाराने रूढ झाली आहेत, त्याचे कारण हेच.

यंत्राची रचना

यंत्राचे भाग समजून घेण्याची सोपी वाट म्हणजे पिकाच्या काडीबरोबर पुढून मागे जाणे.

सर्वांत पुढे रील असते. ही फिरती फिरकी पीक हलकेच आत झुकविते. तिच्या खाली कटरबार असतो. त्यावर त्रिकोणी पाती ओळीने जडविलेली असून प्रत्येक पाते ७६.२ मिलिमीटर, म्हणजे तीन इंच रुंद असते. १४ फुटी यंत्रात अशी ५५ च्या आसपास पाती येतात. ही पाती ‘फिंगर’ नावाच्या स्थिर बोटांमधून डावी-उजवी सरकतात आणि कात्रीप्रमाणे काडी कापतात. कापलेले पीक मळसूत्री ऑगर मध्यभागी गोळा करतो व फीडरची साखळी ते वर चढवून ड्रमकडे नेते.

ड्रम हे यंत्राचे हृदय होय. आडव्या दंडगोलावर खाचदार लोखंडी पट्ट्या किंवा खुंट्या बसविलेल्या असतात आणि त्याच्याखाली अर्धवर्तुळाकार जाळी असते, तिला कॉन्केव्ह म्हणतात. ड्रम व जाळी यांच्या फटीत पीक रगडले जाऊन दाणा शेंगेतून सुटतो. बहुतेक दाणे येथेच जाळीतून खाली पडतात. काडीबरोबर पुढे गेलेले दाणे वॉकर झटकून काढतात. वॉकर म्हणजे पायऱ्यांसारखे दातेरी, मागेपुढे हेलकावणारे लांब पन्हळ. खाली पडलेला माल चाळण्यांवर येतो, पंख्याचा वारा भुसा उडवून मागे टाकतो आणि स्वच्छ धान्य एलिव्हेटरमधून टाकीत जाते. पूर्ण न मळलेल्या शेंगा दुसऱ्या एलिव्हेटरने पुन्हा ड्रमकडे परततात. खळ्यावर जे काम बैल, वारा आणि सूप मिळून करीत, ते ड्रम, पंखा आणि चाळणी करतात. फक्त येथे वारा चालकाच्या हातात असतो.

हे सारे भाग एकाच इंजिनाकडून पट्टे व साखळ्या यांच्याद्वारे शक्ती घेतात. पुढील मोठी चाके यंत्र ओढतात आणि वळण मागील लहान चाकांनी घेतले जाते. त्यामुळे वळताना यंत्राचे शेपूट बाहेर फेकले जाते, हे बांधालगत उभ्या असलेल्यांनी ध्यानात ठेवावे लागते.

सोयाबीनसाठी जुळणी

सोयाबीनच्या काढणीत यंत्राकडून होणाऱ्या नुकसानीचा सर्वांत मोठा वाटा पुढच्या भागात, म्हणजे रील व कटरबार यांपाशी घडतो. दाणे मागून भुशाबरोबर जातात असा समज असतो आणि शेतकरीही यंत्राच्या मागे वाकून पाहतात. प्रत्यक्षात बहुतेक दाणे यंत्रात शिरण्यापूर्वीच जमिनीवर पडलेले असतात. वाळलेली शेंग रीलच्या फटक्याने फुटते, बोथट पाते काडी कापण्याऐवजी हिसकते, आणि कटरबार उंच धरला तर खालच्या शेंगा धसकटावरच राहून जातात.

रीलच्या कडेचा वेग यंत्राच्या चालीच्या सव्वापट असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. यंत्र ताशी ४ किलोमीटर चालत असेल तर सुमारे एक मीटर व्यासाच्या रीलने मिनिटाला २५ ते २७ फेरे घ्यावेत. याहून जलद रील शेंगा झोडपते, मंद रील पीक पुढे ढकलते. कटरबार जमिनीपासून चार बोटांवर ठेवणे इष्ट, पण रुंद सरी-वरंब्यावर पेरलेल्या शेतात ते तेव्हाच साधते जेव्हा यंत्र सरींच्या दिशेने चालविले जाते. आडवे चालविल्यास कटरबार एका ठिकाणी माती खातो आणि दुसऱ्या ठिकाणी शेंगा सोडतो. काढणीची सोय अशा रीतीने पेरणीच्या दिवशीच ठरून जाते. वाणाचाही येथे संबंध येतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा ‘एमएयूएस १६२’ हा वाण पहिली शेंग उंचावर धरत असल्याने यंत्राने काढण्यास योग्य मानला जातो. हरभऱ्यात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा ‘फुले विक्रम’ हा उंच वाढणारा वाण याच हेतूने पुढे आला.

ड्रमचा वेग हा दुसरा, आणि बियाण्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा विषय आहे. गव्हाला ड्रमचे मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे चालतात; सोयाबीनला त्याच्या निम्मे पुरतात. ६० सेंटीमीटर व्यासाचा ड्रम ५०० फेऱ्यांनी फिरत असता त्याच्या पट्टीचा वेग सेकंदाला जवळजवळ १६ मीटर असतो, हजार फेऱ्यांना तो ३१ मीटरांवर जातो. आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेरे ५०० वरून ७०० वर नेले तर दाण्याला बसणारा मार जवळपास दुप्पट होतो.

सोयाबीनचा अंकुर दाण्याच्या डोळ्यालगत, अगदी पातळ सालीखाली असतो. मार बसलेला दाणा वरून धड दिसतो, बाजारात विकलाही जातो, परंतु पेरल्यावर उगवत नाही. जून २०२० मध्ये मराठवाड्यासह राज्याच्या अनेक भागांतून सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. आदल्या वर्षी काढणीच्या वेळी झालेला पाऊस हे त्याचे प्रमुख कारण सांगितले गेले, आणि ते योग्यच होते. मात्र भिजून वाळलेल्या दाण्याची साल आधीच सैल झालेली असते. त्यावर ड्रमचा जादा मार बसला तर उरलीसुरली उगवणशक्तीही जाते. म्हणून बियाण्यासाठी राखावयाचे सोयाबीन शक्यतो वेगळे कापून मळणीयंत्राच्या कमी फेऱ्यांवर, मिनिटाला ३५० ते ४०० च्या मर्यादेत, मळावे असा सल्ला दिला जातो. हार्वेस्टरनेच काढणे भाग असेल तर दाण्यातील ओलावा १३ ते १४ टक्क्यांच्या आसपास असताना काढावे. त्याहून फार कोरडा दाणा तडकतो, फार ओला दाणा चेपतो.

ड्रमचा वेग कमी करण्याची एक चुकीची रीत शेतोशेती आढळते. चालक इंजिनाची रेस कमी करतो. त्यामुळे ड्रम मंदावतो खरा, पण त्याच इंजिनावर चालणारा पंखा, चाळण्या आणि वॉकर हेही मंदावतात. भुसा टाकीत येतो आणि दाणा काडीबरोबर मागे जातो. इंजिन नेहमी त्याच्या ठरलेल्या फेऱ्यांवरच चालले पाहिजे. ड्रमचा वेग निराळा बदलावा लागतो. काही यंत्रांत त्यासाठी व्हेरिएटर असतो, काहींत पुली किंवा स्प्रॉकेट बदलावे लागते. हे काम अर्ध्या-पाऊण तासाचे असल्यामुळे गव्हाची जुळणी सोयाबीनमध्ये तशीच चालविण्याचा मोह चालकास होतो.

दिवसाच्या ओघातही जुळणी बदलते. सकाळी दवाने शेंगा चिवट असतात, तेव्हा ड्रम किंचित जलद आणि कॉन्केव्हची फट थोडी कमी लागते. दुपारी उन्हात शेंगा नुसत्या स्पर्शाने उकलतात, तेव्हा वेग उतरवून फट वाढवावी लागते. फट पुढच्या बाजूस रुंद आणि मागे अरुंद ठेवण्याची रीत आहे.

दाण्याला मार बसतो आहे की नाही हे पाहण्याची परीक्षा शेताच्या बांधावरही करता येते. टाकीतील मूठभर दाण्यांतून फुटके वेगळे काढून धड दिसणारे १०० दाणे साध्या पाण्यात दहा मिनिटे ठेवावेत. साल तडकलेले दाणे तेवढ्यात फुगतात वा सुरकुततात, धड दाणे तसेच राहतात. शंभरांत दहाहून अधिक दाणे फुगले तर ड्रमचा वेग उतरविणे अगत्याचे. घरी नेलेल्या बियाण्याची खात्री मात्र गोणपाटावरील उगवण चाचणीनेच होते. शंभरांपैकी किमान ७० दाणे उगवणे हे सोयाबीनच्या बियाण्याचे मान्य प्रमाण आहे.

नुकसानीचे मोजमाप

यंत्राचे भाडे बहुधा एकरी ठरते. साहजिकच चालकाचा लाभ वेगात असतो आणि शेतमालकाचा संथ चालीत. ताशी ४ किलोमीटर चालीने व ४.२ मीटर रुंदीने, वळणे आणि टाकी रिकामी करण्याचा वेळ वजा जाता, तासाला सुमारे तीन एकर क्षेत्र निघते. चाल ६ किलोमीटरांवर नेली की चालकाची कमाई वाढते आणि धसकटांत पडणारे दाणेही वाढतात. त्या दाण्यांचा हिशेब कोणत्याही पावतीवर येत नाही. दोन पावसांनंतर शेतात हिरवे अंकुर फुटले म्हणजे तो दिसतो.

हा हिशेब मोजता येतो. काठ्यांची किंवा दोरीची एक मीटर लांब-रुंद चौकट जमिनीवर ठेवून आतील दाणे मोजावेत. सोयाबीनच्या १०० दाण्यांचे वजन सुमारे १२ ग्रॅम धरले, तर दर चौरस मीटरला १० दाणे म्हणजे एकरी जवळजवळ ५ किलो, आणि ५० दाणे म्हणजे एकरी सुमारे २४ किलो होतात. एकरी ८ क्विंटल उतारा असलेल्या शेतात हे ३ टक्के झाले.

मोजणी तीन ठिकाणी करावी लागते. उभ्या पिकात आधीच गळलेले दाणे यंत्राच्या माथी मारता येत नाहीत, म्हणून ते प्रथम मोजून वजा करतात. नंतर चालते यंत्र थांबवून काही अंतर मागे घेतले की कटरबारने नुकतेच कापलेले, पण ज्यावर मागचा भुसा पडलेला नाही असे एक पट्टे उघडे पडते. तेथील दाणे पुढच्या भागाचे नुकसान दाखवितात. शेवटी यंत्राच्या मागे मोजायचे. येथे मात्र कापणीच्या पूर्ण रुंदीत चौकट ठेवावी. चार मीटर रुंदीचा माल सव्वा मीटर रुंदीच्या वॉकरवरून बाहेर पडत असल्याने नेमक्या मधल्या जागी मोजल्यास नुकसान तिपटीहून अधिक भासते आणि विनाकारण वाद होतो.

झीज आणि सुटे भाग

सोयाबीनचा हंगाम तीन-चार आठवड्यांचा. या काळात यंत्र पहाटेपासून रात्रीपर्यंत चालते आणि शंभर रुपयांचे बेअरिंग बिघडले तरी सारा दिवस जाऊ शकतो. लातूर व नांदेड शहरांत सामान्य सुटे भाग मिळतात. विशिष्ट बनावटीचा ड्रमशाफ्ट वा गिअर बाहेरून मागवावा लागतो. जाणते मालक म्हणून पाती, रिव्हेट, फिंगर, दोन-तीन पट्टे, साखळीचे जोड आणि ठरावीक बेअरिंगे यंत्राबरोबरच ठेवतात.

भागांवरील अंक वाचता आले तर निम्मी अडचण दूर होते. बेअरिंगवर ६२०५ असा अंक असेल तर शेवटच्या दोन अंकांना पाचने गुणावे. ५ × ५ म्हणजे २५ मिलिमीटर हा त्याच्या आतील छिद्राचा व्यास होय. ६२०६ असल्यास ३० मिलिमीटर. पट्ट्यावर ‘बी-९६’ असे लिहिलेले असते त्यातील ‘बी’ हा पट्ट्याचा छेद, ज्याची वरची रुंदी १७ मिलिमीटर असते, आणि ९६ ही त्याची इंचांतील आतली लांबी. ‘सी’ छेदाचा पट्टा २२ मिलिमीटर रुंद असतो. जुन्या पट्ट्यावरील अक्षरे घासून गेलेली असतात. म्हणून नवा पट्टा बसविताच त्याचा अंक वहीत टिपून ठेवण्याची सवय चांगली.

जोडीने चालणाऱ्या पट्ट्यांपैकी एकच तुटला तरी दोन्ही बदलावे लागतात, कारण जुना पट्टा ताणलेला असतो आणि सारा भार नव्या एकट्यावर येतो. ड्रमच्या खाचदार पट्ट्यांनाही हाच न्याय लागू पडतो. त्यांच्या खाचा एकाआड एक डाव्या व उजव्या असतात, आणि एक पट्टी बदलली तर तिच्या समोरची पट्टीही बदलतात. न बदलल्यास ड्रमचा तोल जातो. तो थरथरू लागतो आणि महागडे बेअरिंग खातो.

कटरबारची निगा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. पाते फिंगरच्या तळपट्टीवर जवळजवळ टेकून सरकले पाहिजे. फट वाढली की काडी कापली न जाता दुमडून अडकते. कटरबारच्या प्रत्येक हेलकाव्याच्या शेवटी पात्याचे टोक फिंगरच्या मधोमध यावे. ते मागेपुढे राहत असेल तर पाती चांगली असूनही कापणी ओबडधोबड होते. वाकलेली फिंगर हातोडीने सरळ करणे हे दर सकाळचे काम समजावे. लातूर परिसरातील हलक्या, मुरमाड जमिनीत आणि बांधांलगत बेसाल्टचे दगड विपुल असतात, त्यामुळे खालून कापताना पाती तुटण्याचे प्रमाण येथे जास्त असते. तुटलेले पाते ड्रममध्ये गेले तर कॉन्केव्हची जाळी फाटते. फीडर व ऑगर यांवरील स्लिप क्लच दगड वा जाड खोड अडकल्यावर घसरून इतर भाग वाचवितो. तो वारंवार घसरतो म्हणून त्याचे स्प्रिंग आवळून घट्ट करणे म्हणजे घराचा फ्यूज काढून तेथे जाड तार लावण्यासारखे आहे.

साखळी मूळ लांबीच्या दोन-तीन टक्क्यांहून अधिक ताणली गेली की बदलावी. झिजलेल्या स्प्रॉकेटवर नवी साखळी चढविली तर तीही लवकरच निकामी होते. एलिव्हेटरच्या साखळीवरील रबरी पाट्या झिजल्यास दाणा वर चढत नाही, खालीच रगडला जातो. टाकीत फुटके दाणे वाढले तर केवळ ड्रमला दोष देऊन चालत नाही.

काळी माती, तण आणि करडई

परतीच्या पावसानंतर काळी माती वरून सुकलेली व आतून ओली असते. भरलेल्या टाकीसह हार्वेस्टर अशा जमिनीत रुततो, आणि न रुतला तरी चाकोरीखालची माती इतकी दाबली जाते की रब्बीच्या पेरणीत तिफणीला ते जाणवते. पूर्ण भरण्याआधीच टाकी रिकामी करणे हा त्यावरचा साधा उपाय. पावसाने माजलेला केना व इतर हिरवी तणे दुसरी अडचण निर्माण करतात. त्यांचा रस दाण्याला लागून माती चिकटते, चाळण्यांची छिद्रे बुजतात आणि बाजारात अशा डागाळलेल्या सोयाबीनचा भाव उतरतो. सरकारी खरेदी केंद्रांवर ओलाव्याची मर्यादा साधारणतः १२ टक्के असल्याने हिरव्या तुकड्यांसह टाकीत पडलेला माल घरी आणून ताबडतोब पसरावा लागतो.

करडई हे मराठवाड्याचे जुने रब्बी पीक. तिच्या काट्यांमुळे हाताने काढणी करणारे मजूर मिळेनासे झाले. हार्वेस्टरने ती अडचण दूर केली. मात्र करडईच्या बोंडांतून निघणारी पांढरी, हलकी लव हवेत तरंगते, रेडिएटरच्या जाळीवर थर धरते आणि इंजिनाच्या तप्त धूरनळीवर पडून पेट घेऊ शकते. करडईत काम करताना रेडिएटरची जाळी आणि इंजिनाभोवतीचा भाग दर दोन-तीन तासांनी झाडावा, धूरनळीवर साठलेली लव काढावी आणि चालकाच्या हाताशी अग्निशामक नळकांडे ठेवावे. आगीचे दुसरे कारण म्हणजे कोरडे पडलेले बेअरिंग. यंत्र थांबविल्यानंतर प्रत्येक बेअरिंगजवळ हाताची पालथी बाजू नेऊन पाहिल्यास इतरांहून अधिक तापलेले बेअरिंग ओळखू येते. सोयाबीनच्या धुळीतही एअर फिल्टर रोज साफ करणे आवश्यक असते.

सुरक्षितता

हार्वेस्टरवरील गंभीर अपघातांचे एक ठळक कारण घाई हे आहे. फीडर किंवा ड्रममध्ये पीक अडकते, इंजिन बंद न करता कोणी हाताने ते ओढू लागतो, अडकलेले पीक एकाएकी सुटते आणि त्याबरोबर हातही ओढला जातो. इंजिन बंद करून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवल्याशिवाय यंत्राच्या पोटात हात घालू नये, हा नियम कुशल चालक आपल्या मदतनिसाला पहिल्या दिवशी शिकवितात. उचललेल्या कटरबारखाली काम करताना केवळ हायड्रॉलिकच्या भरवशावर न राहता यांत्रिक टेकू लावावा. टाकीतील ऑगर चालू असताना धान्य पायाने सारणे तितकेच घातक. सैल उपरणे, ओढणी, पदर आणि फिरता शाफ्ट यांची गाठ पडू देऊ नये; बांधावर चहा-पाणी घेऊन येणाऱ्या घरच्या माणसांनाही हे सांगावे लागते.

रस्त्यावरून नेताना पुढचा रुंद कापणी भाग सोडवून मागे ट्रॉलीवर ओढतात. खेड्यांतील लोंबत्या वीजतारा यंत्राच्या उंचीला भिडण्याचा धोका असतो, म्हणून अपरिचित गावात रात्री शिरण्यापूर्वी एकाने पुढे चालत जाऊन वाट पाहणे श्रेयस्कर.

हंगामानंतरची निगा

सोयाबीन संपल्यावर यंत्र महिने-दोन महिने उभे राहते, आणि गहू-हरभरा निघाल्यानंतर थेट पुढील सप्टेंबरपर्यंत. मधल्या पावसाळ्यातच त्याची अर्धी झीज होते. एलिव्हेटरच्या बुडाशी, ऑगरच्या टोकांशी आणि वॉकरखाली अडकलेले दाणे भिजून कुजतात, पत्रा गंजवितात आणि उंदरांना बोलावतात. उंदीर दाण्यांबरोबर विजेच्या तारांची आवरणेही कुरतडतात. यंत्र उभे करण्यापूर्वी खालची सारी झाकणे उघडून ते काही मिनिटे रिकामे चालवावे, मग वाऱ्याच्या झोताने साफ करावे. आधी पाणी मारल्यास धूळ व भुसा यांचा चिखल होऊन तो सांध्यांत बसतो.

पट्टे सैल करून ठेवतात, म्हणजे ते एकाच जागी ताणलेले राहत नाहीत. साखळ्या व पाती डिझेलने पुसून त्यांना तेल वा ग्रीस लावतात. इंजिनाचे तेल हंगामाच्या शेवटी बदलावे, पुढील हंगामाच्या आरंभी नव्हे. वापरलेल्या तेलातील आम्ले बंद इंजिनात बेअरिंगे खात राहतात. डिझेलची टाकी भरून ठेवली तर आत ओलावा धरत नाही. बॅटरी सोडवून कोरड्या जागी ठेवून महिन्यातून एकदा भारित करावी, आणि टायरवरील भार लाकडी ठोकळ्यांवर घ्यावा. ज्या मालकाजवळ शेड नाही त्याने निदान इंजिन, धूरनळीचे तोंड आणि टाकी ताडपत्रीने झाकावी, मात्र ताडपत्री जमिनीपर्यंत आवळू नये. आत कोंडलेल्या दमट हवेने गंज अधिकच चढतो. पोळ्याच्या सुमारास यंत्र बाहेर काढून रिकामे फिरविले, पट्टे ताणले, सर्व ग्रीसची तोंडे भरली आणि ड्रमचे फेरे मोजून घेतले, की सोयाबीन पिवळे पडण्यापूर्वी सुटे भाग मागविण्यास वेळ उरतो.